लग्नाआधी वास जायला हवा

आमच्या घरात लसूण शिजत नाही. आजवर कधी शिजला नाही. हे मी गावातल्या एकेका बाईला सांगून थकले, आणि एकेकीनं माझ्याकडे "बरं बरं, असेल" अशा नजरेनं बघितलं. लान नदीच्या काठचं आमचं हे जर्मन विद्यापीठाचं गाव. इथले लोक कांदा खातात, आंबवलेला कोबी खातात, घामट मोज्यांसारखा वास मारणारं चीज मिटक्या मारत खातात, पण लसूण म्हटला की नाकं मुरडतात. आणि माझा नवरा, रसायनशास्त्राचा प्रोफेसर आम्ब्रोस वेंडेल, तोंड उघडून नुसतं "नमस्कार" म्हणाला तरी समोरचा माणूस मागे सरकायचा.

याला कारण टेल्यूरियम. हा एक धातू आहे. दिसायला चांदीसारखा, पण ठिसूळ, आणि कशाच्याही कामाचा नाही. ट्रान्सिल्व्हेनियातल्या सोन्याच्या खाणीत सापडतो. सोनं तिथले लोक ठेवून घेतात आणि हे मेलं आमच्या घरी येतं. यापासून केलेल्या क्षारांची एवढीशी कणी बोटाला लागली की ती अंगात मुरते, आणि मग श्वासातून, घामातून, उशीच्या अभ्र्यातून लसणाचा वास यायला लागतो. धुऊन जात नाही, बडीशेप चावून जात नाही. काम थांबवलं तरी जायला महिनेच्या महिने लागतात.

मी म्हणते, जगात दुसरे धातू नव्हते का? शेजारच्या प्रोफेसरांनी नीळ घेतली, त्यांच्या बायकोचे पडदे तरी निळे झाले. समोरच्यांनी साखर घेतली. आमच्या ह्यांनी शोधून शोधून घेतलं काय, तर हे. विद्यापीठाच्या सभेत यांची खुर्ची उघड्या खिडकीत ठेवायचे, भर जानेवारीतसुद्धा. न्हावी श्वास कोंडून दाढी करायचा, म्हणून गालावर कायम कापल्याच्या खुणा. आणि यांना त्याचं काही नाही! उलट आनंदानं सांगायचे, "अगं वालबुर्गा, आज वास जरा गोडसर आहे, म्हणजे नवीन काहीतरी तयार झालंय!"

हे सगळं मी सहन केलं असतं. नाक मुठीत धरून संसार केलाच होता की इतकी वर्षं. पण टेक्लाचं लग्न ठरलं.

टेक्ला आमची एकुलती एक. नाकीडोळी नीटस, पण बापाच्या वळणाची. पोरीबाळी नाचाच्या वर्गाला जायच्या तेव्हा ही प्रयोगशाळेत बापाच्या शेजारी बसून वजनं वहीत उतरवून घ्यायची. लग्नाचं वय उलटून चाललं होतं आणि माझ्या जिवाला घोर लागला होता. तेवढ्यात बुर्खार्ट हाबरकोर्न आला. जंगलखात्यात अधिकारी, उंचापुरा, शांत, पाइप ओढणारा. गाळण्याचा कागद घ्यायला कागदवाल्याकडे गेलेली टेक्ला त्याला तिथं दिसली आणि त्यानंच मागणी घातली. मी चर्चमध्ये जाऊन दोन मेणबत्त्या लावल्या. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात मेणबत्त्या लावत नाहीत, तरी लावल्या.

मग त्याची आई कॉफीला आली. वनाधिकाऱ्यांची विधवा, ताठ कण्याची, डोक्यावर पक्ष्याच्या पिसांची टोपी. मी केक केला होता, खिडक्या सताड उघडल्या होत्या आणि ह्यांना बजावलं होतं, "तोंड उघडायचं नाही. मान हलवायची." सगळं नीट चाललं होतं. शेवटी निघताना हे तिच्याकडे वाकले आणि प्रेमानं म्हणाले, "थोडा आणखी केक घ्या ना!"

हाबरकोर्नबाईंनी कप खाली ठेवला. रुमाल नाकाला लावला.

"प्रोफेसरसाहेब," त्या म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे, मला पसंत आहे. पण लग्नात तुम्ही तिचा हात धरून वेदीपर्यंत चालणार, आणि पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसणार. हा वास त्या दिवशी चर्चमध्ये असेल, तर मी नसेन. आणि मी नसेन तर लग्न नसेल."

त्या रात्री उजाडेपर्यंत मी ह्यांना झोपू दिलं नाही, एवढंच सांगते. नाताळच्या झाडाखाली उभं राहून ह्यांनी शब्द दिला. टेल्यूरियम बंद. लग्न मे-जूनात, पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुमाराला होतं, म्हणजे वास जायला चांगला पाच-सहा महिन्यांचा अवकाश होता. प्रयोगशाळेतलं टेल्यूरियमचं कपाट माझ्यासमोर कुलूपबंद झालं आणि किल्ली मी माझ्या कमरेच्या जुडग्यात अडकवली.

"निम्मं काम राहिलंय गं," हे हळूच म्हणाले. "अजून थोडे दिवस दिले असतेस तर तो क्षार शुद्ध मिळाला असता. स्फटिक धरायला लागले होते."

"मुलगी आधी का स्फटिक आधी?"

"मुलगी," ते म्हणाले, आणि त्यांनी एकदा टेक्लाकडे पाहिलं. ती मान खाली घालून बशी पुसत राहिली.

जानेवारी गेला. फेब्रुवारीत मला वाटलं, कमी झाला बरं का. मार्चमध्ये वाटलं, आहे तसाच आहे. ईस्टरला जेवणाच्या टेबलावर बसले तर असा भपकारा आला की सूप तसंच ठेवून उठले.

"अहो, तुम्ही परत सुरू केलंत!"

"नाही गं."

"मग हा वास काय माझ्या सुपाला येतोय?"

ह्यांनी तोंड उघडलं, टेक्लाकडे बघितलं, आणि मिटलं. चोर तो चोर, वर साळसूद चेहरा! मी त्या दिवशी ह्यांचं अंथरूण माळ्यावर टाकलं. जेवणाचं ताट माळ्यावर. कपडे वेगळे. लिसबेट, आमची मोलकरीण, ती तर माळ्याचा जिनासुद्धा झाडायला तयार होईना. टेक्लाच बिचारी ताट घेऊन वर जायची, तासतास बापाजवळ बसायची, आणि खाली आली की तिच्याही अंगाला वास. मी म्हणायचे, "अगं, नको जाऊस वर इतकी. तुझ्या केसांत बसतो तो." ती म्हणायची, "बाबा एकटे असतात, आई." आणि शहाजिरं चावत निघून जायची. कायम शहाजिरं चावायची ती त्या दिवसांत. मला वाटायचं, लग्नाच्या विचारानं पोटात गोळा येत असेल पोरीच्या.

आणि कामसू किती झाली होती म्हणता! अंगणातल्या धुण्याच्या खोलीत तांब्याचा मोठा हंडा पेटवून दिवस दिवस बसायची. लग्नात द्यायच्या चादरी, टेबलावरची कापडं, सगळं स्वतः उकळते म्हणाली, लिसबेटला आत पाऊल टाकू देत नव्हती. मी शेजारणींना कौतुकानं सांगत होते, "बापावर गेली वाटत होती, पण बघा, शेवटी माझंच रक्त."

बुर्खार्ट दर रविवारी यायचा. मी त्या दोघांना नदीकाठी वाऱ्यावर पिटाळायचे, म्हणजे घरात पाऊलच नको. तो बिचारा पाइप ओढत निमूट चालायचा. ह्यांना मी रोज झापत होते. सकाळी झापत होते, जेवणाच्या वेळी जिन्याखालून वर तोंड करून झापत होते. "एक पोर आहे, तिचं वाटोळं करायला निघालात! शब्द दिलात, त्याला काही किंमत?" माळ्यावरून एवढंच यायचं, "खरं आहे तुझं, वालबुर्गा." माणसानं उलट भांडावं तरी. नुसतं "खरं आहे तुझं" ऐकून माझं डोकं जास्तच तापायचं.

लग्नाचा आदला दिवस उजाडला. त्या दिवशी आमच्याकडे दारात भांडी फोडायची रीत. शेजारपाजार, सगेसोयरे फुटकी, तडा गेलेली चिनी मातीची भांडी घेऊन येतात आणि मुलीच्या उंबरठ्यासमोर आपटतात. काच चालत नाही, काच फुटणं अशुभ. पण चिनी माती जितकी फुटेल तितकं नशीब थोर. मग त्या खापऱ्या नवरानवरीनं एका झाडूनं मिळून झाडायच्या. संसार म्हणजे काय ते तिथंच कळावं म्हणून असेल.

दुपारी पाहुण्यांसाठी मोठी टोपली हवी होती म्हणून मी धुण्याच्या खोलीत गेले. टेक्ला वर केस विंचरत होती. दार उघडलं, आणि आतून जो वास आला, आई गं! चादरी कोपऱ्यात कोरड्या ठणठणीत पडल्या होत्या, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आणि फळीवर ओळीनं ह्यांच्या चिनी मातीच्या पांढऱ्या उथळ वाट्या. एकीवर कागद झाकलेला. कागद उचलला तर तळाशी पांढऱ्या खड्यांचा थर, किटलीत चुन्याचा धरतो तसा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हे माळ्यावर बसून साळसूदपणा करत होते, आणि मी पाठ फिरवली की इथं येऊन उद्योग! आणि माझी लेक बापाच्या पापावर पांघरूण घालायला चादरी धुण्याचं नाटक करत होती!

मी माळ्यावर गेले. "खाली धुण्याच्या खोलीत काय आहे?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझं आहे," ते म्हणाले. "उद्या लग्न झालं की आवरतो. आज त्याला हात लावू नकोस. एवढं ऐक, वालबुर्गा."

"बरं," मी म्हटलं. इतक्या थंडपणे म्हटलं की शहाण्या माणसाला भीती वाटली असती. ह्यांना सुटल्यासारखं वाटलं.

खाली येऊन मी त्या सगळ्या वाट्या टोपलीत भरल्या आणि दारात नेऊन ठेवल्या. भांडी फोडायचीच आहेत ना आज? मग घ्या! यांची लाडकी भांडी फुटू देत उंबरठ्यावर, म्हणजे कळेल शब्द मोडणं काय असतं. आजही विचाराल तर तेच करीन. ज्यानं-त्यानं आपल्या वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात, धुण्याच्या खोलीत ठेवू नयेत.

संध्याकाळचं ऊन अजून अंगणात होतं. सफरचंदाच्या दारूचे मग फिरत होते, पोरं कपबश्या आपटत होती, हशा चालला होता. हाबरकोर्नबाई टोपी घालून आल्या. नाक आधी आत, मग त्या. मी ह्यांना दाराच्या आत उभं केलं होतं. बुर्खार्ट फीत बांधलेला झाडू घेऊन तयार होता.

"पहिला मान तुमचा," मी विहीणबाईंना म्हटलं, आणि टोपलीतली सगळ्यात वरची, खड्यांचा थर धरलेली वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी जोर करून ती दगडावर आपटली. टाळ्या झाल्या.

आणि टेक्ला किंचाळली.

तशी किंचाळी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. लहानपणी हात भाजला होता तेव्हासुद्धा नाही. ती धावत आली आणि नव्या रेशमी झग्यात गुडघ्यांवर बसून खापऱ्यांमधून ते पांढरे खडे वेचायला लागली. "कोणी पाय ठेवू नका! थांबा! कोणी झाडू नका!"

"हा वास!" हाबरकोर्नबाई मागे सरल्या. "तोच वास! प्रोफेसर वेंडेल, तुम्ही शब्द दिला होता!"

हे दारातून पुढं आले. "दिला होता. मी मोडला. चूक माझी आहे, बाई. मुलीला यात ओढू नका. उद्या मी चर्चमध्ये येत नाही. तिला दुसऱ्या कुणाचा तरी हात देऊ."

"बाबा, पुरे," टेक्ला खालूनच म्हणाली. तिनं मान वर केली नाही, बोटं थांबली नाहीत. "बाबांनी नाताळानंतर टेल्यूरियमला हात लावलेला नाही. हे माझं आहे. कपाटाला कुलूप लागायच्या आधीच मी बरणी काढून घेतली होती. स्फटिक धरत आले होते, आई, आणि उद्यापासून मी जंगलखात्याची बायको. मग मला कुठली प्रयोगशाळा? एवढं एक पुरं करायचं होतं."

मी ह्यांच्याकडे बघितलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"फेब्रुवारीपासून," हे म्हणाले. "माझा वास गेला आणि घरातला गेला नाही, तेव्हा कळलं."

फेब्रुवारीपासून! म्हणजे मी ह्या माणसाला माळ्यावर टाकलं, कुत्र्यासारखं ताट वेगळं काढलं, रोज सकाळ-संध्याकाळ शिव्यांची लाखोली वाहिली, आणि हा माणूस वर बसून "खरं आहे तुझं" म्हणत होता! अंगाला वास नसताना! मला इतका संताप आला की रडू फुटलं. मला सांगायला काय झालं होतं? मी काय वाघ आहे? बरं, मी ओरडले असते. ओरडले असतेच. पण मग निदान योग्य माणसावर ओरडले असते.

बुर्खार्ट अजून झाडू धरून उभा होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. रीत म्हणजे रीत, आता त्यानं झाडायचं आणि तिनं त्याच्याबरोबर झाडूला हात लावायचा.

"बुर्खार्ट," त्याची आई म्हणाली, "घरी चल."

त्यानं झाडू भिंतीला टेकवला, आणि टेक्लाच्या समोर उकिडवा बसला. "यातले पांढरे कोणते आणि खापरी कोणती?"

"हात लावू नकोस," ती म्हणाली. आता ती रडत होती. "अंगात मुरतं. हिवाळ्यापर्यंत वास जाणार नाही तुझा."

"तुझा जायचा होता कधी?" तो म्हणाला. "लेंटच्या उपासांआधी आपण नाचलो ना, तेव्हापासून मला ठाऊक आहे. मी जंगलातला माणूस. कोल्हा कुठून गेला ते वासावरून सांगतो. मला वाटलं, हिला लसणाचे सॉसेज आवडतात आणि आईच्या भीतीनं सांगत नाही. म्हटलं, लग्न झाल्यावर खाऊ देत पोटभर." आणि त्यानं बाह्या वर सारल्या.

म्हणजे अख्ख्या घरादारात, होणाऱ्या जावयासकट, मूर्ख कोण? तर मी! नाक असून मला दिसलं नाही, आणि ज्याला दिसलं त्यानं सांगितलं नाही.

आणि वेचत कसे होते म्हणता दोघं! खापरीचा चुरा आणि खडे एकत्र करून मुठीत कोंबत होते. टेक्लाच्या हातून अर्धे दगडाच्या फटीत पडत होते, आणि त्याची बोटं ही एवढाली, बंदुकीचा घोडा ओढणारी. मला बघवेना. मी कधी डाळीत खडा ठेवलेला नाही.

"सरका बाजूला," मी म्हटलं आणि झगा वर खोचून खाली बसले. "लिसबेट, स्वच्छ बशी आण. तुम्ही काय बघत उभे राहिलात? उन्हाकडे धरा ती मेणबत्ती... मेणबत्ती नको, आरसा आणा! चमकतात ते वेगळे दिसतील." हे आरसा आणायला धावले. इतक्या वर्षांत मी सांगितलेली एखादी गोष्ट ते पहिल्यांदा धावत करत होते.

"आई, हातमोजे घाल," टेक्ला म्हणाली.

"गप्प बस. तू कधी घातलेस?"

हाबरकोर्नबाई एकट्याच दाराशी उभ्या होत्या. पाहुणे पांगले. "वेंडेलबाई," त्या शेवटी म्हणाल्या, "हे तुम्हाला शोभत नाही."

"नाही शोभत," मी वर न बघता म्हटलं. "पण पोरीनं सहा महिने मरमर केली त्यासाठी, आणि तुम्ही ते फोडलंत." खरं तर मीच त्यांच्या हातात दिलं होतं, पण ते त्या वेळी सांगायची गरज नव्हती.

बशीच्या तळाला पातळ थर जमला. टेक्लानं तो उन्हात धरला, हलवला, वास घेतला. बापानं वास घेतला. दोघं एकमेकांकडे बघून असे हसले, की मी इतकी वर्षं त्या घरात राहत होते आणि मला ते हसू कधी दिसलं नव्हतं. "पुरेल," ती म्हणाली. "पृथक्करणाला पुरेल."

सकाळी लिसबेट कॉफी घेऊन खोलीत आली, दारातच थांबली आणि ट्रे तिथंच जमिनीवर ठेवून गेली. मी तोंडासमोर हात धरला आणि फुंकर मारली. झालं. हात दाखवून अवलक्षण.

लग्न लागलं. पाद्रीसाहेबांनी नेहमीपेक्षा एक पायरी वर उभं राहून लावलं आणि प्रवचन आटोपतं घेतलं. नवरीनं "हो" म्हटलं तेव्हा ते डोळे चोळत होते, नवऱ्यानं म्हटलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. हाबरकोर्नबाई आल्या. मी नसेन म्हणाल्या होत्या, पण आल्या, आणि मागच्या दाराशी बसल्या. त्यांनीही ती वाटी उघड्या हातानं धरली होती, त्यामुळे त्यांच्याही आसपासची बाकं रिकामीच होती.

मी पहिल्या बाकाच्या पार टोकाला जाऊन बसले, भिंतीला चिकटून. लोकांना त्रास कशाला. गावातल्या बायका माना वळवून बघत होत्या, कुजबुजत होत्या, आणि मला पहिल्यांदाच कळलं की खिडकीतल्या खुर्चीवर जानेवारीत एकट्यानं बसणं म्हणजे काय असतं.

टेक्लाचा हात बुर्खार्टच्या हातात देऊन हे परत आले. बाक सगळं मोकळं होतं, कुठंही बसता आलं असतं. हे बाकावरून सरकत सरकत पार माझ्यापर्यंत आले आणि खांद्याला खांदा लावून बसले. कोटाला साबणाचा वास होता, बाकी कसलाच नाही.

"लांब बसा," मी ओठ न उघडता म्हटलं. "वास येतो माझ्या तोंडाला."

ह्यांनी माझ्याकडे तोंड केलं आणि चांगला लांब श्वास घेतला. डोळ्यांत टचकन पाणी आलं त्यांच्या, नाक लाल झालं.

"छे," ते म्हणाले. "मला तर काही येत नाही."

"खोटारडे," मी म्हटलं. आणि सरकायला भिंत होती, म्हणून तशीच बसून राहिले.